मामांचा राजीनामा घेण्याआधी: खासगी ट्रस्टवर नवा विश्वस्त कसा नेमायचा

प्रश्न असा आहे. वडिलांनी १५ वर्षांपूर्वी धाकट्या मुलासाठी खासगी ट्रस्ट केला. मुलगा बौद्धिक दिव्यांग, आज चौतिशीत. विश्वस्त दोन, काका आणि मामा. आधी वडील गेले, गेल्या वर्षी काकाही गेले. मामा ८१ वर्षांचे, डोकं शाबूत आहे पण बँकेत जाणंयेणं होत नाही. ट्रस्टकडे भाड्याने दिलेला एक फ्लॅट, एक बिगरशेती प्लॉट, मुदत ठेवी आणि थोडे शेअर आहेत. डीडमध्ये, म्हणजे ट्रस्ट करतानाच्या मूळ दस्तात, एवढंच लिहिलंय की किमान दोन विश्वस्त असावेत आणि जागा रिकामी झाली तर उरलेल्या विश्वस्तांनी योग्य व्यक्ती नेमावी. धाकट्या भावानंतर सगळी मिळकत मोठ्या भावाकडे यायची आहे. तो मोठा भाऊ विचारतोय: पाचशेच्या स्टॅम्पवर मामांचा राजीनामा आणि माझी नेमणूक लिहून नोटरी केली तर भागेल का? की मामांनी मृत्युपत्रात माझं नाव घातलं तर पुरेल?

दोन्ही नको. पहिल्यात क्रम चुकतो, दुसऱ्यात साधन. तुम्ही योग्य माणूस आहात की नाही हा पुढचा भाग झाला. आधी बघायचं ते हे की नेमण्याचा अधिकार आज कोणाच्या हातात आहे आणि तो किती दिवस त्या हातात राहणार आहे. आज तो एकट्या मामांकडे आहे. मामा सही करू शकतात तोवर हे काम एका दस्ताचं आहे. नंतर तेच काम कोर्टाचं होतं.

पुढचं सगळं खासगी ट्रस्टला, म्हणजे ठरावीक व्यक्तींच्या फायद्यासाठी केलेल्या ट्रस्टला धरून आहे. त्याला इंडियन ट्रस्ट्स ॲक्ट, १८८२ लागतो. देवस्थान, शाळा, दवाखाना असा सार्वजनिक किंवा धर्मादाय ट्रस्ट असेल तर हा कायदा लागत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. तिथे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो आणि तो मंजूर होऊन रजिस्टरला नोंद लागेपर्यंत बँक नवी सही घेताना खळखळ करते. तो रस्ताच निराळा. दोन्हींचे नमुने एकमेकांत मिसळून केलेले दस्त पाहायला मिळतात आणि ते दोन्हीकडे अडतात.

आता राजीनामा. एकदा ट्रस्ट स्वीकारला की विश्वस्ताला मनात आलं म्हणून बाहेर पडता येत नाही. कलम ४६ तीनच दारं ठेवतं: कोर्टाची परवानगी, करार करण्यास सक्षम अशा लाभार्थीची संमती, किंवा डीडमध्येच तशी मुभा. तुमच्या डीडमध्ये राजीनाम्याबद्दल काही नाही. लाभार्थी तुमचा भाऊ, आणि तो करार करण्यास सक्षम नसेल तर संमतीचं दार बंद. इथे बरेच जण म्हणतात, 'भावाचा कायदेशीर पालक मीच आहे, नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली (बौद्धिक दिव्यांगांसाठी पालक नेमण्याची सोय असलेला कायदा) प्रमाणपत्र आहे, मी त्याच्या वतीने संमती देतो.' ही सही चालेल असं धरून चालू नका. कायद्याचे शब्द लाभार्थीच्या स्वतःच्या सक्षमतेबद्दल आहेत. शिवाय तुम्हीच संमती देणार आणि तुम्हीच नेमले जाणार, हे कागदावर कुठल्याही न्यायाधीशाला खुपेल. तेव्हा स्टॅम्पवरचा तो राजीनामा मामांना मोकळं करत नाही. कागदावर ते गेलेले आणि कायद्याने जबाबदार, अशी विचित्र अवस्था तेवढी होते.

दुसरं, मामांनी आधी राजीनामा दिला आणि मग तुम्हाला नेमलं, तर तुम्हाला नेमणारे मामा कोण म्हणून नेमतायत? कलम ७३ प्रमाणे डीडमध्ये नेमणाऱ्याचं नाव असेल तर पहिला मान त्याचा. ते नसेल तर ट्रस्ट करणारा हयात असल्यास तो, किंवा उरलेले विश्वस्त. शेवटच्या विश्वस्ताने जाता जाता नेमणूक करायची तर त्याला कोर्टाची संमती लागते. म्हणजे एकाच कागदावर आधी राजीनामा आणि खाली नेमणूक लिहिली की तुम्ही स्वतःहून 'जाता जाता नेमणारा शेवटचा विश्वस्त' या चौकटीत जाऊन बसलात. उगाच.

म्हणून मामांना हलवायचंच नाही. काकांची जागा भरायची. काका गेल्याने जागा रिकामी झाली आहे, मामा उरलेले विश्वस्त आहेत, डीडही त्यांनाच अधिकार देतं आणि कायदाही. या नेमणुकीला कोर्ट लागत नाही, भावाची संमती लागत नाही. मामांनी लिहून सही करायची, एवढीच कायद्याची किमान अट आहे. आणखी एक उपयोगी वाक्य त्याच कलमात आहे: नवा विश्वस्त नेमताना विश्वस्तांची संख्या वाढवता येते. डीडमध्ये कमाल संख्या घातलेली नसेल तर मामा एकाच दस्ताने दोघांना आणू शकतात, एक काकांच्या जागी आणि एक वाढीव. दोघांना आणायचा आग्रह का, ते पुढे सांगतो.

मामांना नंतर खरंच मोकळं व्हायचं असेल तर तेव्हा वाट सोपी असते. विश्वस्ताची मोकळं होण्याची इच्छा हे कलम ७३ मधलं जागा भरण्याचं एक कारणच आहे. उरलेले विश्वस्त त्यांच्या जागी दुसरी व्यक्ती नेमतात आणि त्या नेमणुकीनेच, कलम ७१ प्रमाणे, मामा सुटतात. नुसता राजीनामा घेऊन जागा मोकळी ठेवली तर ही सुटका होत नाही, हे लक्षात ठेवा. त्यांच्या जागी माणूस यावाच लागतो.

आता मृत्युपत्राकडे. विश्वस्तपद ही मामांची मालमत्ता नाही, त्यामुळे ते कोणाला देऊन जाता येत नाही. पण मामा काही न करता गेले तर काय होतं ते पाहा, कारण हे बहुतेकांना माहीत नसतं. शेवटचा विश्वस्त गेला की नवा विश्वस्त नेमण्याचा अधिकार त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीकडे जातो. म्हणजे तुमच्या वडिलांनी तुमच्या भावासाठी केलेल्या ट्रस्टवर विश्वस्त कोण असावा, हे तुमची मामेभावंडं ठरवणार. ती चांगली माणसं असतील, पण त्यांच्यातला एक परदेशात, दुसऱ्याचं बोलणं बंद, तिसरीला या ट्रस्टचा पत्ताही नाही, अशी घरं कमी नसतात. नाहीच जमलं तर मग कलम ७४ खाली लाभार्थीच्या वतीने कोर्टात, साधारणपणे जिल्हा न्यायालयात, अर्ज करावा लागतो. वेगळा दावा लावावा लागत नाही, एवढाच दिलासा. कोर्ट तिथे ट्रस्ट करणाऱ्याची इच्छा, नेमणाऱ्याची इच्छा, ट्रस्टच्या कामाला मदत होईल की अडथळा, आणि सगळ्या लाभार्थींचं हित पाहून माणूस ठरवतं.

मामा मृत्युपत्र करणारच असतील तर त्यात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून कोणाचं नाव घालतात ते जरूर पाहा, कारण कायदेशीर प्रतिनिधी म्हणून तोच पुढे येईल. ही दुसरी फळी झाली. पहिली फळी म्हणजे आजचा नेमणूक लेख.

मामांना विस्मरण सुरू झालं तर? मृत्यूपेक्षा अवघड प्रसंग तो. मृत्यूचा दाखला मिळतो. 'असमर्थ झाले' हे मात्र कलम ७३ नुसार कोर्टाच्या मते ठरावं लागतं, डॉक्टरच्या चिठ्ठीने नाही. तोवर मामा कागदोपत्री विश्वस्त, सही करण्याजोगे नाहीत, आणि त्यांच्याशिवाय सही करणारा कोणी नाही. भाड्याचा करार संपतो, ठेवीची मुदत भरते, सगळं जागच्या जागी थांबतं. म्हातारपणी माणूस थकला की घरचे म्हणतात, 'मामा, कुलमुखत्यारपत्र करून द्या, मी बघतो.' विश्वस्ताला आपलं काम असं दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही. बँकेत चेक नेऊन देणं, भाडेकरूकडून पावती घेणं अशी हमाली चालते, पण निर्णय विश्वस्ताचाच हवा. आणि कुलमुखत्यारपत्र देणारा गेला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की ते पत्रही संपतं. नेमकी गरज पडते त्या दिवशी ते कामाचं राहत नाही.

इथवर हातात असलेलं थोडक्यात: मामा राहतात, काकांची जागा भरतो, जमल्यास आणखी एक माणूस वाढवतो, आणि हे मामा सही करू शकतात तोवर करतो.

आता तुम्ही स्वतः विश्वस्त व्हावं का? डीडमध्ये असं आहे की भावानंतर मिळकत तुमच्याकडे. मग भावाच्या औषधावर, काळजीवाहकावर, फ्लॅटच्या दुरुस्तीवर खर्च केलेला प्रत्येक रुपया हा तुमच्या भविष्यातल्या वाट्यातून जातो. तुमची नियत स्वच्छ असली तरी हितसंबंध उलटे आहेत, आणि लाभार्थीच्या हिताशी विसंगत हितसंबंध असलेल्या माणसाला कायदा कलम ६० मध्ये योग्य विश्वस्त मानत नाही. घरगुती ट्रस्टमध्ये असे भाऊबहीणच विश्वस्त असतात, हे खरं. नेमणूक त्यामुळे आपोआप रद्द होते असं नाही. पण कोणी हरकत घेतली तर बोट तिथेच ठेवलं जाईल. म्हणून एकट्याने येऊ नका. सोबत असा माणूस हवा ज्याला त्या मिळकतीतून कधीच काही मिळणार नाही: वडिलांचे जुने हिशेबनीस, निवृत्त बँक अधिकारी असलेले स्नेही, भावाला ओळखणारी पण वारस नसलेली चुलत बहीण. परदेशी स्थायिक झालेला माणूस नको. सहा महिने सलग भारताबाहेर राहणं हेच कलम ७३ मध्ये विश्वस्त बदलण्याचं कारण आहे. कर्जात बुडालेला नको. आणि भावाला मुळीच न भेटणारा, 'नाव घाला माझं, हरकत नाही' म्हणणारा तर अजिबात नको. ती मंडळी सहीच्या दिवशी सापडत नाहीत.

दोन की तीन? डीड वेगळं सांगत नसेल तर सगळ्या विश्वस्तांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो, बहुमत चालत नाही. दोघांत मतभेद झाला की काम अडतं, आणि तिसरा आला म्हणून ते आपोआप सुटत नाही, कारण तिघांचंही एकमत लागतं. बहुमताची सोय डीडमध्येच हवी, नंतर विश्वस्तांनी आपसात ठराव करून ती आणता येत नाही. तरी तुमच्या बाबतीत मी तिघांच्या बाजूने आहे: मामा, तुम्ही आणि एक त्रयस्थ. मामा गेले तर उरलेल्या दोघांकडे मिळकत राहते, ट्रस्ट चालू राहतो आणि डीडमधली 'किमान दोन' ही अटही मोडत नाही. उलट तुम्ही आणि मामा दोघेच असाल तर मामा गेले त्या दिवशी तुम्ही पुन्हा आजच्याच जागी.

त्या 'किमान दोन'चा एक उपद्रव आत्ताही आहे. काका गेल्यापासून मामा एकटेच सही करतायत. एरवी एक विश्वस्त गेला तरी उरलेला काम चालवू शकतो, पण डीडच किमान संख्या मागत असेल तर त्या काळातल्या व्यवहारांवर प्रश्न येऊ शकतो. त्या वर्षभरातल्या नोंदी काढा: कोणती ठेव नव्याने ठेवली, भाडेकरार वाढवला का, मोठा खर्च कोणता. नवी नेमणूक झाली की पहिल्या बैठकीत सगळ्या विश्वस्तांनी ते व्यवहार पाहून मान्य केल्याची नोंद इतिवृत्तात करा. फ्लॅट किंवा प्लॉटबद्दल काही कायमचा व्यवहार मात्र जागा भरेपर्यंत करू नका.

दस्त कसा लिहायचा? भाषा साधी ठेवा, पण अधिकार कुठून आला हे त्यात आलंच पाहिजे. मुख्य वाक्य साधारण असं: 'सदर ट्रस्टचे विश्वस्त श्री. अमुक हे दिनांक तमुक रोजी मयत झाल्याने रिकाम्या झालेल्या जागी, मूळ ट्रस्ट डीडच्या कलम अमुक अन्वये व इंडियन ट्रस्ट्स ॲक्ट, १८८२ च्या कलम ७३ अन्वये मला हयात विश्वस्त या नात्याने असलेल्या अधिकारात, मी श्री. तमुक यांना आजपासून विश्वस्त म्हणून नेमत आहे.' संख्या वाढवत असाल तर ते वेगळ्या वाक्यात. मग नव्या विश्वस्तांचा स्वीकार, त्यांच्या सह्यांसह. आणि शेवटी परिशिष्ट: मिळकतीची यादी. मूळ डीडची तारीख आणि दस्त क्रमांक, काकांच्या मृत्युदाखल्याची प्रत, सगळ्यांचे पॅन आणि आधार, दोन साक्षीदार. साक्षीदार नव्या विश्वस्तांच्या घरचे घेऊ नका.

एक शब्द कटाक्षाने टाळा: 'हस्तांतरित'. 'मी सदर मिळकत नव्या विश्वस्तांना हस्तांतरित करीत आहे' असं कोणीतरी सवयीने लिहितं आणि दुय्यम निबंधकाच्या टेबलावर मुद्रांक शुल्काची चर्चा खरेदीखताकडे वळते. याची गरजच नाही. कलम ७५ प्रमाणे योग्य नेमणूक झाली की मिळकत नव्या आणि उरलेल्या विश्वस्तांकडे कायद्यानेच निहित होते. विश्वस्तांच्या नेमणुकीच्या लेखासाठी मुद्रांकाच्या अनुसूचीत स्वतंत्र नोंद आहे, रक्कम राज्यागणिक वेगळी. सही करण्याआधी तेवढी निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

नोटरी की नोंदणी? नेमणूक वैध व्हायला लेखी आणि सही केलेली असणं पुरतं. पण तुमच्याकडे फ्लॅट आणि प्लॉट आहे. स्थावर असेल तिथे मी नोंदणीच सुचवतो. कारण व्यवहारी आहे: सोसायटी, भूमापन कार्यालय, बँकेचा विधी विभाग, सगळे नोंदणीकृत दस्त पाहून गप्प बसतात आणि नोटरी पाहून प्रश्न विचारतात. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला द्यायचा असतो. मामांना कार्यालयात नेणं जमणार नसेल तर कारण दाखवून अर्ज केला की निबंधक घरी येऊन सही आणि अंगठा घेऊ शकतात. त्यासाठी वेगळं शुल्क भरावं लागतं. मामांचं वय पाहता त्याच आठवड्यातला, त्यांना नेहमी तपासणाऱ्या डॉक्टरचा दाखला जोडा. 'तब्येत ठीक' असला मोघम नको. 'दस्ताचा मजकूर समजून निर्णय घेण्यास सक्षम' असे शब्द हवेत. हा दाखला आज कोणाला लागणार नाही. पुढे कधी कोणी म्हणालं की म्हाताऱ्याकडून सही करून घेतली, तेव्हा तो लागतो.

सही झाली. आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: ताबा.

नवा विश्वस्त आधीच्या विश्वस्ताच्या चुकीला केवळ त्याच्या जागी आला म्हणून जबाबदार नसतो, हे कलम २५ सांगतं. लोक इथेच थांबतात. पण कलम १२ पुढे म्हणतं की विश्वस्ताने शक्य तितक्या लवकर मिळकतीचं स्वरूप आणि स्थिती समजून घ्यायची, लागेल तिथे ती आपल्या नावे करून घ्यायची आणि धोक्याच्या जागी गुंतलेले पैसे सोडवून आणायचे. म्हणजे काकांनी कोणा ओळखीच्याला ट्रस्टमधून दोन लाख हातउसने दिले असतील, तर ती चूक काकांची. पण तुम्हाला ते कळूनही तुम्ही वर्षभर गप्प बसलात तर ती चूक तुमची. पैसे किंवा हिशेब परत मागायला उशीर झाला म्हणून घाबरू नका. विश्वस्ताकडे असलेली मिळकत किंवा तिचा हिशेब मागण्याच्या दाव्याला उशीर आडवा येऊ नये अशी सोय मुदतीच्या कायद्याच्या (दावा किती काळात लावायचा हे ठरवणाऱ्या) कलम १० मध्ये आहे, आणि ते काकांच्या वारसांनाही लागू आहे. पण आधी ते कळलं पाहिजे.

म्हणून नेमणुकीच्या तारखेची ताबायादी करा आणि तिच्यावर मामांची आणि नव्या विश्वस्तांची सही घ्या. रकाने पाच: वस्तू, सध्या कोणाच्या नावे, मूळ कागद कुठे, त्या दिवशीची रक्कम, शेरा. उदाहरणार्थ मुदत ठेवीच्या ओळीत पावती क्रमांक, मुदत भरण्याची तारीख, व्याज कुठल्या खात्यात जमा होतं, आणि शेऱ्यात 'पावती काका व मामा यांच्या नावे, ट्रस्टचा उल्लेख नाही'. फ्लॅटच्या ओळीत शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावे, भाडेकरार कधी संपतो, अनामत किती आणि ती आत्ता कुठल्या खात्यात आहे. अनामत भाडेकरूची असते आणि ती हमखास खर्च झालेली असते. लॉकरची किल्ली, मूळ डीड, विमा, मालमत्ता कराच्या पावत्या, मागची विवरणपत्रं. बँकेचा उतारा ट्रस्ट सुरू झाल्यापासूनचा मागा, मागच्या एका वर्षाचा नको.

ही यादी सहीच्या आधी तयार ठेवा. ट्रस्टचा स्वीकार कृतीनेही होतो. नेमणूक लेख व्हायचा आहे, यादी पाहिलेली नाही, आणि तुम्ही भाडं गोळा करून पावत्या द्यायला लागलात तर स्वीकारलंच असं उद्या कोणी म्हणू शकतं. आधी बघा, मग हो म्हणा.

यानंतर कार्यालयं. बँकेला नोंदणीकृत लेखाची प्रत, मूळ डीड, काकांचा दाखला, सर्व विश्वस्तांचा ठराव आणि नव्यांचे केवायसी द्या. ठरावात खातं कोणाच्या सह्यांनी चालेल ते स्पष्ट लिहा. 'कोणतेही दोन, त्यातली एक त्रयस्थ विश्वस्ताची' असं असेल तर सगळ्यात बरं. बँक ट्रस्ट करणारा, विश्वस्त आणि १० टक्के किंवा जास्त हित असलेले लाभार्थी यांचीही माहिती मागेल. ती नियमाचीच आहे, वाद घालू नका.

शेअरचं पाहताना डिमॅट खातं ट्रस्टच्या नावाने आहे की काका-मामांच्या व्यक्तिगत नावांनी, हे आधी पाहा. व्यक्तिगत नावांनी असेल तर नुसतं एक नाव काढून दुसरं घालणं बहुधा होत नाही. नव्या विश्वस्तांचं खातं उघडून शेअर तिकडे न्यावे लागतात. त्याला वेळ धरा, आणि काकांच्या घरच्यांनी वारस म्हणून त्या शेअरवर अर्ज करण्याआधी डिपॉझिटरी पार्टिसिपंटला (डिमॅट खातं सांभाळणाऱ्या संस्थेला) लेखी कळवा की हे ट्रस्टचे आहेत. काकूंच्या मनात काही नसतं, पण नॉमिनी म्हणून त्यांचं नाव असतं आणि कोणीतरी फॉर्म भरून देतं.

प्लॉटचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका जे असेल त्यावर फेरफार करून घ्या. दस्त नोंदणीकृत असेल तर माहिती महसूल खात्याकडे जाते, तरी नोंद लागली का ते महिन्याभराने उतारा काढून बघा. सोसायटीच्या अर्जात पहिल्याच ओळीत लिहा की ही विक्री नाही, विश्वस्तबदल आहे. पॅन ट्रस्टचं तेच राहतं, नवं काढू नका. पण आयकराच्या पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल काकांचा असेल तर ओटीपी त्यांच्या बंद फोनवर जात राहील आणि नोटिसाही. हे बदलणं पहिल्या आठवड्यात करा. विवरणपत्राची तारीख जवळ आल्यावर ते जमत नाही.

मानधनाचं विचारलं नाहीत, पण त्रयस्थ माणूस विचारेल. डीडमध्ये सोय नसेल तर विश्वस्ताला मानधन घेता येत नाही, झालेला खर्च मात्र ट्रस्टमधून भरून घेता येतो. आणि तुमच्यासाठी खास: विश्वस्त झाल्यावर तो फ्लॅट स्वतःकडे भाड्याने घेणं, ट्रस्टमधून उसने घेणं, प्लॉट 'बाजारभावाने' स्वतः विकत घेणं, यातलं काहीही नाही. भाव योग्य होता हे उत्तर तिथे चालत नाही.

तुमच्या प्रश्नातून दोन गोष्टी कळत नाहीत आणि त्यावर थोडं बदलेल. मूळ डीड नोंदणीकृत आहे का? फ्लॅट आणि प्लॉट त्यातच ट्रस्टकडे आले असतील तर ते नोंदणीकृत असायलाच हवं, नसेल तर नेमणुकीआधी तोच प्रश्न सोडवावा लागेल. आणि डीडमध्ये कमाल विश्वस्तांची संख्या कुठे आहे का, हे शेवटच्या पानापर्यंत वाचा. बऱ्याचदा ती 'बैठका' या मथळ्याखाली गणसंख्येच्या वाक्यात दडलेली असते.